परदेशात जाऊन भटक्या कुत्र्यांसाठी काम करायचंय: सोलापूरच्या एका मुलीला सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय तेवीस, बी.कॉम. झालंय, जुळे सोलापुरात राहता. दोन वर्षं गल्लीतल्या सात कुत्र्यांना रोज रात्री खायला घालता. एका कंपनीची जाहिरात पाहिलीत: चार आठवडे थायलंड किंवा श्रीलंकेत राहून भटकी कुत्री वाचवण्याचं काम, राहणं-जेवण धरून दीड लाख रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. घरचे तयार नाहीत. कुठल्या देशात जावं, ही कंपनी बरी आहे का, आणि तुम्ही गेल्यावर गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हे तुमचे तीन प्रश्न.

मी पशुवैद्य आहे, दवाखाना सोलापुरातच आहे. कुत्र्यांच्या नसबंदीच्या शिबिरांत बरीच वर्षं काम करतेय, इथे आणि मधूनमधून नेपाळ-श्रीलंकेतही. तुमच्यासारखी मुलं-मुली शिबिरात येताना आणि परत जाताना पाहिली आहेत, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

देश कुठला हे नंतर बघू. त्याआधी हे ठरायला हवं की तिथे पोचल्यावर सकाळी सात वाजता तुमच्या हातात नेमकं काय काम असणार आहे, आणि ते तिथल्या एखाद्या माणसाऐवजी तुम्ही केल्याने कुत्र्यांचं काय भलं होणार आहे. याचं नीट उत्तर मिळालं तर कुठेही जा. मिळालं नाही तर ती दीड लाखाची सहल होईल. सहलीला जाण्यात वावगं काही नाही, पण तुम्ही त्यासाठी विचारलेलं नाही.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच माहीत. पैसे साठवलेले आहेत की कर्ज काढणार, पुढे याच क्षेत्रात राहायचंय का, रक्त बघून गरगरतं का, अळ्या पडलेल्या जखमेचा वास सहन होतो का. या उत्तरांप्रमाणे सल्ला बदलेल. पण माझा कल आधीच सांगून टाकते: जा. या कंपनीतर्फे मात्र नको, आणि लगेच नको. शिकायला म्हणून जा, आणि जाण्याआधी इथे हात तयार करून जा.

आता कामाबद्दल. जाहिरातीतल्या व्हिडिओत विहिरीतून काढलेलं पिल्लू असतं, मग औषधपाणी, मग शेपूट हलवणारा गुबगुबीत कुत्रा. असं घडतं, आणि घडतं तेव्हा फार बरं वाटतं. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचे हाल मोठ्या प्रमाणावर कमी होतात ते दोनच कामांनी, रेबीजची लस आणि नसबंदी. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की तिथली रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडूनच येतो, त्यामुळे कुत्र्याला टोचलेली लस माणसाचाही जीव वाचवते. नसबंदीचं म्हणाल, तर मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं. त्यातली कितीतरी पहिल्या काही महिन्यांतच पार्वोने, डिस्टेंपरने (हे दोन्ही कुत्र्यांचे विषाणूंमुळे होणारे जीवघेणे आजार) किंवा गाडीखाली जातात. दवाखान्यात रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू हातात घेऊन कुणी येतं तेव्हा दर वेळी वाटतं, याच्या आईची नसबंदी सहा महिने आधी झाली असती तर!

कुत्री उचलून लांब नेऊन सोडली तरी प्रश्न सुटत नाही. कचरा आणि खाणं तिथेच राहिलं की शेजारच्या भागातली कुत्री मोकळ्या जागेत येतात, आणि ती लस न टोचलेली असतात. म्हणून आपल्याकडे २००१ च्या आणि आता २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पकडणे, नसबंदी, लस आणि पकडलं त्याच जागी परत सोडणे असा क्रम आहे.

शिबिराचा दिवस पहाटे सुरू होतो. उन्हाळ्यात तर उजाडायच्या आत, कारण दहानंतर पिंजऱ्यातली कुत्री उन्हाने हैराण होतात. पकडणारी माणसं जाळ्या घेऊन निघतात. प्रत्येक कुत्र्याचा रंग, नर की मादी, कुठल्या चौकातून उचललं, सगळं लिहून घेतात. गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने हीच नोंद मोबाईलच्या अॅपवर नकाशासकट ठेवली, गल्लीबोळ पिंजून लस दिली, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. नोंद नीट नसेल तर कुत्रं भलत्याच गल्लीत सुटतं आणि तिथली टोळी त्याला फाडते. शस्त्रक्रियेनंतर ओळखीसाठी कानाला खाच पाडतात, लस देतात, काही दिवस पिंजऱ्यात ठेवतात, टाके कोरडे झाले की परत सोडतात.

यात शिक्षण न घेतलेल्या माणसाने काय करायचं? पकडायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, शस्त्रक्रियेला हात लावायचा नाही. उरतं ते पिंजरे धुणं, भांडी, खाणं, कपडे, नोंदी. आणि आणखी एक काम, ज्याला माणूस नेहमी कमी पडतो: भुलीतून बाहेर येणाऱ्या कुत्र्यावर लक्ष ठेवणं. हे जरा खोलात सांगते, कारण तुमच्या हातून जीव वाचण्याची सगळ्यांत जास्त शक्यता इथे आहे.

टेबलावरून उतरवलेलं कुत्रं एका कुशीवर ठेवायचं, मान सरळ, जीभ तोंडाच्या बाजूने बाहेर काढून, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. दाबल्यावर पांढरी पडते, बोट उचललं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. उशीर लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट दिसली, तर डॉक्टरला ताबडतोब हाक मारायची. पोटात रक्तस्राव होत असू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नसतं. मग थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. भुलीत ते भराभर उतरतं, अगदी आपल्या सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा, कारण केस काढलेले, कातडीला स्पिरिट लावलेलं, पोट उघडलेलं आणि अंगाखाली स्टील किंवा फरशी. ९९ च्या खाली गेलं की कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून कुशीला लावायच्या. नुसती बाटली कधीच नाही, चटका बसला तरी बेशुद्ध जनावर अंग काढून घेऊ शकत नाही. आमच्याकडे या कामाला विटलेल्या सोलापुरी चादरी असतात. जाड, ऊब धरणाऱ्या, रोज उकळल्या तरी टिकतात. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, श्वास मोजायचा, वेळ घालून लिहायचं. कान हलायला लागला, पापणीला बोट लावल्यावर मिटली, की आपला हात तोंडापासून लांब घ्यायचा. अर्धवट शुद्धीतलं गरीबातलं गरीब कुत्रंही चावतं. उभं राहून सरळ चालल्याशिवाय पाणी नाही, खाणं नाही.

एवढं शिकायला आठवडा पुरतो. चार-पाच कुत्र्यांपाशी वही घेऊन बसणारी, तास न् तास तिथून न हलणारी एक मुलगी असली की सर्जन निर्धास्तपणे पुढची शस्त्रक्रिया करू शकतो. तुम्ही हे शिकून गेलात तर जगातलं कुठलंही चांगलं केंद्र तुम्हाला आनंदाने घेईल.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती फार कमी लोक विचारात घेतात. कुत्र्यांचं काम अर्ध्याहून जास्त माणसांशी असतं. रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्यांना कुणीतरी आपलं मानणारं असतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका गल्लीत एक आजी आपल्या तांबड्या कुत्रीला गाडीत घालू देईनात. महापालिकेची गाडी म्हणजे कुत्रं परत येत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. आमच्यातली एक मुलगी, पद्मशाली घरातली, त्यांच्या उंबऱ्यावर बसली आणि तेलुगूत बोलायला लागली. कुठे नेणार, पोटाला केवढा छेद, कितव्या दिवशी परत आणणार, सगळं सांगितलं, स्वतःचा फोन नंबर दिला. आजींनी कुत्रीला स्वतः उचलून दिलं. ती परत आली तेव्हा त्याच गल्लीतल्या आणखी चार घरांनी आपापली कुत्री आणून दिली. तुम्हाला मराठी येतं, सोलापुरात वाढलात म्हणजे कन्नड-तेलुगू निदान कानावरून गेलेलं असणार. इथे तुम्ही असं काम करू शकता जे बाहेरून आलेला कुणीही करू शकत नाही. श्रीलंकेत सिंहली किंवा तमिळ येत नसेल, फुकेतला थाई येत नसेल, तर तुम्ही त्या उंबऱ्यावर बसू शकणार नाही. तिथे तुम्ही पिंजरे धुवाल. पिंजरे धुणं हलकं काम नाही, स्वच्छ पिंजऱ्यामुळेच पार्वो पसरत नाही. फक्त आधी माहीत असू द्या, म्हणजे हिरमोड होणार नाही.

देशाचं म्हणाल तर प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, आणि कायदा बदलला की रोजचं काम बदलतं. रुमानियात २०१३ मध्ये बुखारेस्टला एका लहान मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला. त्यानंतर कायदा झाला की पकडलेलं कुत्रं ठरावीक मुदतीत कुणी नेलं नाही तर त्याला मारता येईल. तिथे स्वयंसेवकांचा सगळा जोर घर शोधण्यावर असतो. तुर्कस्तानात २०२४ मध्ये रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा आला, म्हणजे काम निवाऱ्यातलं आणि गर्दीतलं. भूतानने २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. थायलंडमध्ये नको झालेली कुत्री बौद्ध मंदिरांच्या आवारात आणून सोडतात, आणि फुकेतची ‘सोई डॉग’ ही संस्था २००३ पासून तिथे नसबंदी-लसीकरण करते. श्रीलंकेत भटकी कुत्री मारण्याचं सरकारी धोरण २००६ मध्ये थांबलं, त्यानंतर काम बरंचसं आपल्यासारखं झालं.

तुमच्या जागी मी पहिल्यांदा नेपाळ बघितला असता. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. हिंदी बहुतेकांना समजते, म्हणजे माणसांशी बोलता येतं. पुण्याहून गोरखपूरची गाडी, पुढे सुनौलीची सीमा, एवढ्यात पोचता येतं. काठमांडूत ‘कॅट सेंटर’ (काठमांडू अॅनिमल ट्रीटमेंट सेंटर) २००४ पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि उपचार करतंय. आणि त्या लोकांचा कुत्र्यांवर जीव आहे: आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमाराला तिथे कुकुर तिहार असतो, त्या दिवशी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही टिळा लावून झेंडूची माळ घालतात. त्याच शहरात वर्षभर अपघात आणि खरूज यांनी कुत्री मरतात हेही खरं. आपल्यासारखंच आहे ते, म्हणून तिथे शिकलेलं इथे लगेच उपयोगी पडतं.

आता कंपनी. तुम्ही दिलेल्या माहितीत एक गोष्ट मला खटकली: त्यांनी तुम्हाला रेबीजच्या लसीबद्दल एका शब्दाने विचारलेलं नाही. एवढ्यावरूनच मी या कंपनीला नकार देईन. कुत्र्यांसोबत काम करणारी कुठलीही जबाबदार संस्था पहिल्या पत्रातच लसीची नोंद मागते. शिवाय जाहिरातीत ‘शस्त्रक्रियेत सहभाग’ असं लिहिलंय. बी.कॉम. झालेल्या मुलीला टेबलापाशी उभं करून टाके घालू देत असतील, तर ते कुत्रं त्यांच्या लेखी सरावाची वस्तू आहे. पिल्लांसोबत खेळण्याचे फोटो भरपूर आहेत, पण गेल्या वर्षी किती कुत्र्यांची नसबंदी केली हा आकडा कुठेच नाही. मधल्या कंपनीला दिलेल्या पैशातला किती भाग प्रत्यक्ष केंद्राला जातो ते लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या आणि संस्थेला थेट लिहा. थेट गेलात तर बहुतेक ठिकाणी राहण्या-खाण्याचा खर्च आणि थोडी देणगी एवढंच लागतं.

संस्थेला लिहिताना हेही विचारा की बरं न होणाऱ्या कुत्र्याचं ते काय करतात. ज्यांच्याकडे याचं उत्तर स्पष्ट आहे, कोण ठरवतं, कुठल्या निकषावर, कुठलं औषध, त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. आम्ही एकालाही मरू देत नाही असं सांगणाऱ्या ठिकाणी मी मणका मोडलेली, पार्श्वभाग सडलेली कुत्री महिनोन् महिने पिंजऱ्यात पडलेली पाहिली आहेत. आणि आजूबाजूच्या वन्यजीवांचं काय, हेही विचारा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ राहणाऱ्या आपल्याला हे कळायला हवं: मोकाट कुत्री जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात, आणि कुत्र्यांतला डिस्टेंपर लांडग्यांना होतो. कुत्र्यावर माया असलेल्या माणसाने माळावर नेऊन कुत्री सोडू नयेत, तिथे खायलाही घालू नये.

रेबीजबद्दल आता नीट वाचा. लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही. टाळता मात्र शंभर टक्के येतो. कुत्र्यांत हात घालणाऱ्याने चावण्याआधीच लस घ्यायची असते. आपल्याकडे सहसा तीन डोस देतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे निघायच्या आधी महिनाभर तरी सुरुवात हवी. ही लस घेतलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरकडे जायचंच, पण तेव्हा दोन डोस पुरतात, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. ते इंजेक्शन महाग असतं आणि लहान गावांत, बेटांवर वेळेवर मिळेलच असं नसतं. त्यामुळे आधी घेतलेली लस परदेशात फार मोठा आधार असते. जखम, ओरखडा, किंवा फाटक्या कातडीवर लाळ, काहीही झालं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं, एवढंच लोकांना माहीत असतं. मुक्या रेबीजचं कुत्रं गप्प असतं. कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि दयाळू माणूस तोंडात हात घालतो. तुमच्यासारख्या मायेच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. जबडा लोंबलेलं, चाल बदललेलं, नेहमीच्या माणसाला न ओळखणारं कुत्रं दिसलं की हात लावायचा नाही. लोकांना लांब करायचं आणि पशुवैद्याला किंवा महापालिकेला कळवायचं. दोन वर्षं तुम्ही लस न घेता सात कुत्र्यांना हाताने खायला घालताय, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. परदेशात जा अगर जाऊ नका, याच आठवड्यात पहिला डोस घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही बघा.

बाकीचे आजार थोडक्यात. लेप्टो लघवीतून येतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे. नायटा आणि खरूज माणसाला लागते, बरीही होते. पार्वोचा विषाणू बुटाच्या तळव्याला महिनोन् महिने जिवंत राहतो. परत आल्यावर त्याच बुटांनी गल्लीतल्या पिल्लांत जाऊ नका.

व्हिसा: अनेक देशांत बिनपगारी स्वयंसेवा हेही काम धरतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. थायलंड यात कडक आहे, तिथे परवाना लागतो. ‘एअरपोर्टवर फिरायला आलोय म्हणा’ असं सांगणाऱ्या कंपनीच्या नादी लागू नका, अडकल्यावर ती येणार नाही. प्रवास विमा घेताना जनावराच्या चाव्याचा उपचार त्यात येतो का ते वाचून घ्या. आणि तिथल्या एखाद्या पिल्लावर जीव जडला तर ते सोबत आणता येईल असं धरून चालू नका. भारतात कुत्रा आणायला सरकारी परवानग्या लागतात आणि चार आठवड्यांसाठी गेलेल्या प्रवाशाला त्या सहज मिळत नाहीत.

घरच्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांना कुत्र्यांचं प्रेम नाही. मला वाटतं त्यांना काळजी आहे ती मुलगी एकटी परक्या देशात, चावलं तर कोण बघणार, याची. ती काळजी रास्त आहे. त्यांच्यासमोर लसीचं कार्ड, संस्थेचा पत्ता, तिथल्या पशुवैद्याचं नाव, राहण्याची खोली कुणासोबत, जवळचं रुग्णालय कुठलं, असं सगळं कागदावर ठेवा. आईला एकदा शिबिरात घेऊन या. माझ्या ओळखीच्या दोन-तीन आया मुलीला न्यायला आल्या आणि चादरी धुवायला बसल्या.

मनाचं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तिथे कुत्री मरतील. डिस्टेंपरचे झटके येणारं पिल्लू तुमच्या मांडीवर असेल आणि डॉक्टर सांगतील की आता झोपवू या. तुम्ही त्याला नाव दिलेलं असेल. जीव तुटतो. बरेच जण त्यानंतर एकतर काम सोडतात, नाहीतर मन इतकं घट्ट करतात की पुढच्या कुत्र्याकडे नीट बघतही नाहीत. मला उपयोगी पडलेलं एवढंच, की त्या दिवशी कुणाशी तरी बोलायचं, जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत वही घेऊन बसायचं. समोरचं कुत्रं नवीन असतं, त्याला तुमचं सगळं लक्ष हवं असतं. संस्थेत संध्याकाळी एकत्र बसून दिवसाबद्दल बोलण्याची पद्धत आहे का, हेही विचारून घ्या.

मग क्रम कसा ठेवावा? आधी लस. मग सोलापुरातच, किंवा पुण्याकडे, नसबंदी चालते अशा एखाद्या केंद्रावर महिना-दोन महिने शनिवार-रविवार जा आणि वर सांगितलेलं भुलीनंतरचं काम शिका. त्यानंतर देशातच घरापासून लांब एक फेरी करा. गोव्यातली लसीकरण मोहीम किंवा उदयपूरची ‘अॅनिमल एड’ यांना लिहा, नवख्या स्वयंसेवकांना सध्या घेतात का विचारा. तिथे रोज आठ तास, सलग काही आठवडे काम करून बघा. शरीराला आणि मनाला झेपलं, तर नेपाळ किंवा श्रीलंका, आणि जाताना हातात शिकलेलं काम आणि एक शिफारसपत्र असेल. अशी गेलेली मुलं तिथून नोंदीची पद्धत, पिंजऱ्यांची रचना, जाळी टाकण्याची रीत डोळ्यांनी टिपून येतात. तुमचं शिक्षण वाणिज्य शाखेचं आहे, त्याचाही उपयोग आहे: हिशेब, देणग्यांची पावती, औषधांचा साठा हे बहुतेक संस्थांचं दुखणं असतं. एखाद्या केंद्राचा औषधसाठा नीट लावून दिलात तर तुम्ही परत आल्यावरही तो उपयोगी पडत राहील.

शेवटचा प्रश्न, तुमच्या सात कुत्र्यांचा. तुम्ही एकटीच खायला घालत असाल तर आत्तापासून गल्लीतलं दुसरं घर त्यात आणा. वेळ आणि जागा ठरवून टाका, दारांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, खाऊन झाल्यावर जागा झाडून. हे नियमांतही आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमधल्या आदेशातही महापालिकेने ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालायला सांगितलंय. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असा आदेश झाला; तुमच्या गल्लीजवळ शाळा आहे म्हणता, तर कुत्र्यांना खाण्यासाठी त्या बाजूला येण्याची सवय लावू नका.

जाण्याआधी सातही जणांची लस आणि नसबंदी उरकून घ्या. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, रंग, कानाला खाच आहे की नाही, लसीची तारीख, हे एका वहीत लिहा आणि ती वही जो खायला घालणार त्याच्याकडे द्या. पांढरी मादी दीड महिन्यापूर्वी व्यायली असं तुम्ही लिहिलंय. पिल्लं दोन महिन्यांची होऊन खायला लागली आणि तिचं दूध आटलं की तिची शस्त्रक्रिया करता येते. त्याहून लांबवू नका, ती पुन्हा माजावर येईल. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान जंताचं औषध आणि पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. तिला आणताना सकाळी उपाशीपोटी आणा, पाणी चालेल, आणि आदल्या रात्रीचं खाणं नऊच्या आत.